चाळीस जोड
डॅन्यूबचं पाणी ओसरलं तेव्हा चिखल उपसायला मी दुकानातले गमबुटांचे चाळीस जोड गावात वाटले. त्याच सकाळी माझ्या नवऱ्याला, आंगेलला, पुरलं होतं. आता सरकार बुटांचे पैसे देतंय, पण फॉर्मवर घेणाऱ्याची सही मागतंय. घरोघर फिरले, कुणी पेनाला हात लावेना. शेवटी साव्हेताकाकूंच्या दारात बसकण मारली. “काकू, दुकानात नुसता गाळ उरलाय. एक सही करा.” “अगं, मयताच्या नावानं दिलेलं त्याला तिकडे पोचतं. पैसे घेतलेस तर त्याच्या पायातले बूट निघतील.” “मी नाव घेतलंच नव्हतं त्याचं.” “मी घेतलं होतं. बूट चढवताना म्हटलं, देवा, हे आंगेलला पोचू देत.” काकूंनी बूट काढून उंबऱ्यावर ठेवले. “हवे तर परत ने. सही नाही व्हायची.” मी फॉर्म दुमडला. नदीतून काढला तेव्हा आंगेल अनवाणी होता.