सातवी गोष्ट

प्रज्ञेश पाचव्या गोष्टीवर आला होता. त्याच्या आईला जिची धास्ती होती, ती गोष्ट सातवी होती.

वाघोलीच्या फ्लॅटमधली रविवारची सकाळ. चंद्रभागाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. निवडून झालेली जुडी त्यांनी पुन्हा निवडायला घेतली, कारण तिथून हॉल दिसत होता. सोफ्यावर त्यांचा मुलगा, आणि त्याच्या हातात त्यांच्याच कथांचा इंग्रजी अनुवाद. कालच कुरिअरनं आला होता.

मूळ मराठी पुस्तक चाळीस वर्षं घरातल्या काचेच्या कपाटात उभं होतं. लपवायची कधी गरज पडली नाही. तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या दोनशे प्रकाशकाच्या गोदामात वाळवीनं वाचल्या. आणि मुलगा पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेत घातलेला. त्याचं मराठी वाचन दुकानांच्या पाट्यांपुरतं.

मग गेल्या वर्षी अनुवाद करणारी कल्याणी ते पुस्तक घेऊन दारात आली. सदाशिव पेठेतल्या एका ग्रंथालयात तिला ते सापडलं होतं. "एवढी मोठी लेखिका, आणि कुणाला पत्ताच नाही!" ती म्हणाली. बाई हुरळल्या. इतक्या वर्षांनी कुणी लेखिका म्हटल्यावर माणूस हुरळणारच. अनुवादाच्या परवानगीवर सही करून मोकळ्या झाल्या, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी फोन केला, "सातवी तेवढी गाळता येईल का?"

"बाई, तीच गाळली तर उरतं काय?" कल्याणीनं विचारलं.

सातव्या गोष्टीत एक तरुण बाई होती. नवरा तापानं गेलेला, हाताला काम नाही, पदरात चार वर्षांचा मुलगा. ती त्याला मंडईजवळ गोडीशेव घेऊन देते, पर्वतीखालच्या कालव्यावर नेते आणि पदरानं आपल्या कमरेशी घट्ट बांधते. बराच वेळ पाण्याकडे बघत राहते. मग गाठ सोडते. एवढीच गोष्ट. बाईंचे यजमान सुखदेव तापानं गेले तेव्हा प्रज्ञेश चार वर्षांचा होता. हे कळायला त्याला फार डोकं चालवावं लागणार नव्हतं.

पान उलटल्याचा आवाज आला. एव्हाना तो सातवीवर आला असणार. "मला मारायला नेलं होतंस?" असं त्यानं विचारलं, तर नाही कसं म्हणायचं? छापलेलं होतं. आणि काहीच न विचारता तो उठून निघून गेला तर? त्यांना जास्त भीती त्याचीच वाटत होती. जगात त्यांचं दुसरं कुणी नव्हतं.

पुस्तक मिटलं. प्रज्ञेश स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो त्यांच्यासमोर फरशीवरच बसला आणि एक काडी उचलून पानं खुडू लागला.

"अरे, ते आपलं गोष्टीतलं..." बाईंनी सुरुवात केली.

"आई, गोडीशेव नव्हती. साखरफुटाणे होते."

साखरफुटाणेच होते. लिहिताना त्यांनी बदललं होतं.

"आणि परत येताना तू म्हणालीस, कुणाला सांगायचं नाही," प्रज्ञेश मान वर न करता म्हणाला. "मी अजून कुणाला सांगितलं नाही."