डावा गुडघा

“जिच्यावर तुमचा राग आहे, तिला डोळ्यांसमोर आणा आणि मनात म्हणा, तुझं भलं होवो,” भंतेजी म्हणाले. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी डोळे मिटले, थोरल्या बहिणीला समोर आणलं आणि लगेच डोळे उघडले.

“नाही जमायचं. आईच्या शेवटच्या दुखण्यात ताईनं मला साधं कळवलंसुद्धा नाही. जीभच रेटत नाही, भंतेजी.”

“अख्खा कोट एका दमात शिवता का तुम्ही? आधी नुसती बाही घेताच ना? तसाच ताईंचा एखादा भाग घ्या, ज्याच्याशी तुमचं काही वाकडं नाही.”

बाईंनी पुष्कळ विचार केला. “गुडघा चालेल? डावा. लहानपणापासून दुखतो तिचा.”

“चालेल की!”

तेव्हापासून रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी बाई पाच मिनिटं डोळे मिटून बसायच्या. ताईच्या डाव्या गुडघ्याचं भलं होवो. बाकीची ताई गेली उडत.

महिन्याभरानं भंतेजींनी हसत विचारलं, “काय, कुठवर पोचलात? खांद्यापर्यंत?”

“छे, गुडघ्यातच अडकलेय.” बाई गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. “तो फुटला, तेव्हा मी तिच्या पाठीवर होते. पाठुंगळीला घेऊन पळत होती मला. पडताना तिनं हात टेकले नाहीत, भंतेजी. दोन्ही हातांनी मला धरून ठेवलं होतं.”