पातं डावीकडे पळतं

“हे पातं शेवटच्या पानांपाशी डावीकडे पळतं. नीट बघून घ्या,” काका म्हणाले.

बाइंडरबाई चक्रावल्या. जुनं कटिंग मशीन विकणारा माणूस त्याचे दोष असे आपणहून पुढे करतो होय? मोबाइलवरच्या जाहिरातीत तर ‘एकदम चकाचक, तक्रारीला जागा नाही’ असं लिहिलेलं. ती जाहिरात काकांच्या पुतण्याची. फोनवर मोठा गोडबोल्या. त्याने एकच गोष्ट बजावली होती. काकांसमोर विक्रीचा, पैशांचा विषय काढायचा नाही. हयातभराचं मशीन आहे, म्हातारा जीव हळवा होतो. बाईंना ते मनापासून पटलं. त्यांचं स्वतःचं मशीन मोडीत गेलं, त्या दिवशी त्यांनाही घास उतरला नव्हता.

काका मात्र थांबायचं नाव घेईनात. दाबाचं चाक घसरतं म्हणाले, मोटर तापली की घरघरते म्हणाले. बाईंनी कागदाचा गठ्ठा कापला आणि कडेवरून अंगठा फिरवला. कड जराशी तिरकी होती, पण ती सरळ करून घेणं बाईंच्या हातचं काम होतं. बाकी मशीन ठणठणीत. इतका सरळ माणूस आजकाल शोधून सापडायचा नाही, असं वाटून त्यांना भरून आलं.

तरी काहीतरी खटकत होतंच. बाजूच्या टेबलावर शिवून झालेल्या, कडा कापायच्या राहिलेल्या वह्यांची चळत होती. धंदा गुंडाळणारा माणूस नवं काम अंगावर कशाला घेईल? प्रश्न अगदी ओठांवर आला. पण पुतण्याला शब्द दिला होता. बाईंनी जीभ आवरली, बाहेर अंगणात जाऊन मोबाइलवरून त्याला ठरलेले पैसे पाठवले. गाठीला होतं नव्हतं ते सगळं गेलं. आता या मशीनवरच दुकान तरणार होतं.

मशीन टेम्पोत चढताना काका सारखे मध्ये मध्ये लुडबुडत होते. घरातली चादर आणून त्यांनी ती पात्याभोवती गुंडाळली. तेलाची बाटली बाईंच्या हातात दिली. दुसरं तेल त्याला मानवत नाही म्हणाले. बाईंनी मशीन ताब्यात आल्याचं कळवायला पुतण्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. असेल कुठे प्रवासात, असं म्हणून त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

काका टेम्पोची फळी धरून तसेच उभे होते. बाईंना राहवलं नाही. मशीनची काळजी करू नका, जिवापाड जपेन, असं त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा उजळला.

“पुतण्या म्हणालाच होता, तुमच्या हाताला गुण आहे. मग ताई, दुरुस्त करून कधी आणून देताय? माझ्या वह्या खोळंबल्यात.”