दुसरी वेलांटी

माझ्या बालमित्राने, निळूने, चहाच्या टेबलावर पुस्तक उघडून माझ्यापुढे धरले. शनिवारच्या ग्रंथमहोत्सवात दोन तास रांगेत उभे राहून त्याने आपल्या प्रिय लेखकाची स्वाक्षरी मिळवली होती. स्वाक्षरीच्या वर लेखकाने स्वहस्ते लिहिले होते, ‘तुमचा आशिर्वाद असावा.’

“बघ शास्त्री, माझा आशीर्वाद मागतोय!” निळूचा चेहरा उजळला होता.

“पण ‘शी’ दीर्घ हवा. एवढा मोठा लेखक, आणि...”

“चहा पी मुकाट्याने. निवतोय.”

चाळीस वर्षे संस्कृत शिकवताना हाच शब्द मी फळ्यावर किती वेळा दुरुस्त केला होता! निळू बिस्किटे आणायला उठला, तेव्हा माझा संयम सुटला. खिशातले लाल पेन काढून मी पहिली वेलांटी खोडली, दुसरी दिली आणि पुस्तक मिटून ठेवले.

परतल्यावर निळूने ते पान पुन्हा उघडले. लाल वेलांटीवरून त्याने बोट फिरवले. लेखक तर महोत्सव संपताच परगावी निघून गेला होता; नवी स्वाक्षरी आता मिळणार नव्हती.

मग त्याने पुस्तक हलकेच माझ्याकडे सरकवले. “लेखकाचं अक्षर होतं, ते तुझं झालं. आता खाली सहीही तूच कर.”