मोरपंखीचं कुंपण

तारामतीचा एकुलता एक लेक मोटरसायकलच्या अपघातात गेला. गाडी त्याचा दोस्त, समोरच्या घरातला शिवम चालवत होता. तो वाचला.

महिनाभरानं तारामतीनं अंगणाच्या कडेनं मोरपंखीची रोपं दाटीनं लावली. उदगीरच्या नर्सरीवाल्याला तिनं एकच विचारलं होतं, "लवकर उंच होतंय न्हवं?"

झाडं छातीपर्यंत आली आणि चाकुरात उन्हाळा पेटला. नळाला पाणी येईना. खालच्या फांद्या तांबूस पडू लागल्या. एकदा वाळलेल्या मोरपंखीला पुन्हा पालवी फुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालू लागली. शेवटी तिनं पिण्याच्या घागरीलाही हात घातला.

"येडी झालीस का?" नवरा सटवाजी ओरडला. "माणसाला प्यायला पाणी न्हाई!"

"झाडं वाळली तर ते पोरगं रोज नजरंला पडंल," ती रडत म्हणाली. "मला न्हाई सोसत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती घागर घेऊन बाहेर आली, तर बुंध्यांपाशी माती ओली होती. कुंपणापलीकडं शिवम वाकून कॅनमधलं पाणी ओतत होता.

"तू कशाला आलास हितं?" ती किंचाळली.

त्यानं मान वर केली नाही.

"अजून उंच होऊ द्या, काकू. मलाबी तुमच्या दाराकडं बघवत न्हाई."