अजून एक बसू दे

भर दुपारी, पोलीस ठाण्याच्या आवारात, पैलवानाने साहेबांच्या कानाखाली वाजवली.

निमित्त एवढंच, की वरचे अधिकारी तपासणीला येणार होते, पैलवान प्यायलेला होता आणि साहेबांनी त्याच्याकडे जीपची किल्ली मागितली. एरवी तो साहेबांचा लाडका शिपाई. कोठडीतला माणूस तोंड उघडेना, की साहेब त्यालाच आत पाठवत. त्याच्याबद्दल कोणी गाऱ्हाणं घेऊन गेलं, की साहेबांना ऐकू येईनासं व्हायचं.

दुसरी बसली. साहेबांची टोपी उडून नळाखालच्या चिखलात पडली.

"धरा रे याला!" साहेब ओरडले.

दोघे शिपाई धावले. पायरीवर उभ्या असलेल्या हवालदार बाईंनी हात आडवा घातला.

"थांबा. अजून एक बसू दे."

"ताई, साहेब आहेत ते!"

"दिसतंय मला."

वर्षापूर्वी शस्त्रं ठेवायच्या खोलीत पैलवानाने बाईंना भिंतीशी दाबून धरलं होतं. त्या तशाच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, तर "मस्करी केली असेल, त्याचा स्वभावच आहे तसा," म्हणत साहेबांनी त्यांना परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पैलवान शीळ घालत कामावर आला आणि बाईंची रवानगी मागच्या फाटकावर झाली. हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शिपाई जागच्या जागी थबकले.

तिसरी बसली. साहेब गुडघ्यांवर आले. नाकातून रक्ताची धार लागली.

मग बाई सावकाश पायऱ्या उतरल्या. मागून जाऊन त्यांनी पैलवानाचा हात पिरगळला आणि बेडी अडकवली. तो खदाखदा हसला.

"सोड गं. साहेब मला काही करायचे नाहीत."

"माझ्या वेळी नाहीच केलं." बाईंनी बेडी कचकन आवळली. "आज नाक त्यांचं आहे."

पैलवानाचं हसू मावळलं. शिपायांनी त्याला खेचत कोठडीत नेलं.

साहेब नाकाला रुमाल लावून उठायची धडपड करत होते. बाईंनी हात दिला नाही.

"तू तिथंच होतीस," साहेब धापा टाकत म्हणाले. "इतका वेळ काय बघत उभी राहिलीस?"

बाई ताठ उभ्या राहिल्या. कडक सलाम ठोकला.

"मला वाटलं, मस्करी करतोय, साहेब. त्याचा स्वभावच आहे तसा."