जागा कुणी सांगितली

या खेपेलाही पोलीस आधीच येऊन उभे होते.

कॉलेजची पोरं नाशिकरोडला बिटकोच्या चौकात बस अडवायला रस्त्यावर आडवी व्हायच्या आतच हवालदारांनी एकेकाला दंडाला धरून कडेला बसवलं. मागून शहर बस आली आणि निवांत निघून गेली. दुपारपर्यंत चौकीत बसवून सगळ्यांना सोडून दिलं. मारझोड नाही, केस नाही. उलट एका हवालदारानं चहा पाजला. कौसल्याला त्या चहाचाच जास्त राग आला.

चौकीबाहेर यादव म्हणाला, "आपल्यातलंच कुणीतरी जागा सांगतंय."

यादव पोरांचा पुढारी. बोलताना त्यानं कौसल्याकडे पाहिलं नाही. बाकीच्यांनीही पाहिलं नाही, आणि तेच तिला टोचलं. तिचे वडील सहादू शहर बसवर ड्रायव्हर आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं.

बसचं भाडं वाढल्यापासून हे सुरू होतं. यादवचं म्हणणं, शिकणाऱ्या पोरांना बस फुकट पाहिजे. कौसल्याला ते पटत नसे.

"फुकटची गाडी आली काय, न आली काय, विचारायची सोय राहत नाही," ती म्हणायची. "परवडेल असा पास मागा. आणि गाडी वेळेवर मागा."

"आणि ज्याला पासही परवडत नाही त्यानं?"

यावर तिला झुंबर आठवायची. तिच्याच वसाहतीतली झुंबर कॉलेज सोडून घरी बसली होती. घरात एकाच्याच बसभाड्याची सोय होती, ती भावाची झाली. भांडण कितीही झालं तरी रस्त्यावर आडवं पडायच्या वेळी कौसल्या पहिल्या रांगेत असायची ती झुंबरसाठी.

आता त्याच रांगेतली पोरं तिच्यासमोर बोलायची थांबली होती.

वडिलांवर तिचा संशय आधीपासून होता. फक्त तिनं तो मनात धरून ठेवला होता. जन्मात कधी कॉलेजची चौकशी न करणारा माणूस हल्ली भाकरी मोडता मोडता विचारायचा, "उद्या काय हाय तुमचं?" एकदा तर तिनं त्यांना पानाच्या टपरीआड हवालदाराशी बोलताना पाहिलं. तिला बघून ते दुसरीकडे बघायला लागले.

त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "पोरी, रस्त्यात झोपू नका. दुसरं कायतरी करा."

"डेपोतल्या साहेबांनी सांगितलं का असं बोलायला?"

त्यांचा घास हातातच राहिला. "साहेबाचं नाव कशाला घेती मधीच?"

"मग तुमचं तुम्ही बोलताय?"

"तुला काय सांगावं? तू ऐकायची नायस." ते पानावरून उठले. आई, विठाबाई, दोघांकडे बघत राहिली.

कौसल्याला झोप लागली नाही. नोकरीसाठी माणूस काय काय करतो, याचा ती विचार करत राहिली. ज्या माणसानं तिला शिकायला पाठवलं, त्यानंच तिला असं विकावं?

दुसऱ्या दिवशी तिनं यादवला एकट्याला गाठलं. "पुढची जागा द्वारकेचा चौक ठेव. पोरांना आयत्या वेळी सांग. मला एक गोष्ट बघायची आहे."

घरी आल्यावर वडिलांच्या कानावर जाईल अशा बेतानं ती आईला म्हणाली, "उद्या सकाळी शालिमारला आहे आमचं. डबा नको."

सहादू दारात बूट काढत होते. "शालिमारला? नक्की का?"

"नक्की."

त्यांनी काढलेले बूट पुन्हा पायात घातले आणि ते बाहेर पडले.

सकाळी द्वारकेच्या चौकात एकही पोलीस नव्हता. पोरांना आधी विश्वासच बसेना. मग एकेक जण रस्त्यावर आडवा झाला. टांगेवाले, भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया, सगळे थांबून बघायला लागले. कौसल्या सगळ्यांच्या पुढे झोपली.

इतक्यात बहिरू सायकल दामटत आला. त्याला तिनंच शालिमारला पाठवलं होतं.

"पोलिसांची गाडी उभी आहे तिथे," तो धापा टाकत म्हणाला. मग जरा अडखळला. "तुझे वडीलही आहेत. साध्या कपड्यांत. पोरं कुठं गेली, पोरं कुठं गेली, असं हवालदाराला सारखं विचारतायत."

यादव तिच्या शेजारी येऊन आडवा झाला. "माफ कर," तो हळूच म्हणाला. "आम्हाला सांगणारी तू वाटली होतीस."

कौसल्यानं मान हलवली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बापाच्या घरात आता पाऊल कसं ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

हॉर्न ऐकून तिनं ते उघडले. नाशिकरोडकडून बस येत होती. हॉर्न थांबत नव्हता आणि बसही थांबत नव्हती.

मागची पोरं उठून पळाली. कौसल्या जागची हलली नाही. थांबेल, अशीच तिची खात्री होती. यादवनं तिला दंडाला धरून बाजूला फेकलं. त्याचा स्वतःचा पाय मात्र वेळेत निघाला नाही.

बस पुढे जाऊन आचका देत थांबली. यादवच्या ओरडण्यानं चौक भरून गेला. पोरं त्याच्याकडे धावली. ड्रायव्हर धोंडीराम खाली उतरला. सहादूंच्या बरोबरीचा, घरी येणारा-जाणारा माणूस. कौसल्याला धुळीत बसलेली बघून तो तिथेच मटकन खाली बसला.

"पोलीस कुठं हायेत?" त्यानं विचारलं. "आज पोलीस का नाय आले?"

"तुम्ही थांबला का नाहीत, काका?"

"थांबायचं नाय असा साहेबाचा हुकूम हाय आमाला. पोरं आपसूक उठत्यात म्हणं. जो थांबला तो घरी." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सहादूच म्हणला होता, बिनघोर गाडी घेऊन जा, धोंडीराम, गाडी यायच्या आधी पोलीस पोरं उचलत्यात, म्या सांगून ठेवलंय."